स्वयंपाकघरातली पक्कड आणि डिकीतली पक्कड



आमच्या घरात पक्कड नावाच्या दोन वस्तू आहेत. एक ओट्याशेजारी खुंटीला टांगलेली, गरम पातेली उतरवायची. माझ्या माहेरी, सांगलीकडे, तिला सांडशी म्हणतात. दुसरी गाडीच्या डिकीत, जुन्या पिशवीत गुंडाळलेली, लाल मुठींची. आज लिहिते आहे ती या दुसरीबद्दल. आपल्यातल्या कितीतरी जणी आता गाडी चालवतात. कोणी रोज भोस्ते घाट ओलांडून लोट्याला नोकरीला जाते, कोणी मुलांना घेऊन चिपळूण गाठते. पण बॉनेट उघडायची वेळ आली की आपण बॉनेटऐवजी फोन उघडतो. सगळ्या गोष्टींना फोन करायची गरज नसते, आणि घाटात तर बऱ्याचदा रेंजही नसते.

गाडी तापणे म्हणजे काय, हे कुकर लावणाऱ्या बाईला कोणी शिकवायला नको. इंजिनाभोवती पाणी फिरते, ते तापते, रबरी नळीतून पुढच्या रेडिएटरमध्ये जाते, वाऱ्याने निवते आणि दुसऱ्या नळीतून परत येते. रेडिएटरचे झाकण साधे नसते. ते कुकरच्या शिट्टीसारखे आतला दाब धरून ठेवते. दाब वाढला की पाणी 100 अंशांना उकळत नाही, पुढे जाते. घरचा कुकर साधारण एक किलोच्या दाबावर चालतो आणि आत 120 अंशांच्या आसपास उष्णता असते. बहुतेक गाड्यांचा हिशोब त्याच्याच जवळपास. म्हणूनच तापलेल्या गाडीचे झाकण उघडायचे नसते. वाफ कोंडलेला कुकर आपण उघडतो का?

आता एवढ्या दाबाचे पाणी ज्या रबरी नळ्यांतून जाते, त्या नळ्यांची टोके धातूच्या किंवा प्लॅस्टिकच्या तोट्यांवर नुसती चढवलेली असतात. ती निसटू नयेत म्हणून वरून एक कडे. गॅरेजमध्ये त्याला क्लिप म्हणतात. सगळा भार त्या चार-पाच क्लिपांवर.

या क्लिपा मुख्यतः दोन जातींच्या. एक स्क्रूची. पट्टीला आडव्या खाचा असतात, स्क्रू फिरवला की पट्टी आवळत जाते. पाण्याच्या पंपाला, बागेच्या पाइपला आपण पाहतो तीच. इंग्लंडच्या नौदलातल्या लमली रॉबिन्सन नावाच्या कमांडरने 1921 साली तिचे पेटंट घेतले, आणि शंभर वर्षांत तिचे रूप फारसे बदललेले नाही. दुसरी स्प्रिंगची. ही पोलादी पट्टीची गोल कडी, तिला दोन कान वर आलेले. हे दोन कान पक्कडीने एकमेकांकडे दाबले की कडी सैल होते, सोडले की आवळते. दाबल्यावर आवळेल असे वाटते आणि होते उलटेच. दोरीवर कपड्यांना लावायचा चिमटा आठवा, मागे दाबले की पुढे उघडतो. तसेच.

कारखान्यातून येणाऱ्या बऱ्याच गाड्यांना आता स्प्रिंगचीच क्लिप असते. ती दिसायला किरकोळ, म्हणून पुष्कळ मेकॅनिक ती काढून स्क्रूची लावतात. ‘ताई, ही घट्ट बसते,’ म्हणतात. बसते खरी, पण तेवढ्यापुरती. रबर तापले की फुगते, निवले की आक्रसते, आणि वर्षानुवर्षे दाबले गेले की चपटे होऊन तसेच राहते. स्क्रूची क्लिप जिथे आवळली तिथेच थांबते. रबर आत सरकले तरी ती मागे जात नाही. मग थंडीतल्या पहाटे गाडीखाली ओल दिसते, आणि गाडी तापली की रबर फुगून गळती आपोआप बंद होते. गॅरेजला नेईपर्यंत सगळे कोरडे! स्प्रिंगची क्लिप रबराच्या मागे मागे फिरते, फुगले तर फुगू देते, आक्रसले तर धरते. माझे मत स्पष्ट आहे. कंपनीने स्प्रिंगची दिली असेल तर स्प्रिंगचीच परत लावायची.

या मताला कारण घडले ते मागच्या मार्गशीर्षात. बाहुबलीला दोन दिवस राहून आम्ही परत येत होतो. मी, सासूबाई आणि सातवीतली लेक. हे दुकानामुळे खेडलाच होते. त्याआधी महिनाभरापूर्वी एका गॅरेजात रेडिएटरची वरची नळी बदलली होती आणि तिथे स्प्रिंगच्या जागी स्क्रूची क्लिप लागली होती. काढलेले सामान मी नेहमी मागून घेते, भंगार असले तरी, म्हणून जुनी क्लिप पुढच्या कप्प्यात पडलेली होती. बाहुबलीला दोन रात्री कडाक्याची थंडी पडली आणि गाडी उघड्यावर होती. कऱ्हाड, पाटण ठीक गेले. कोयनानगरच्या अलीकडे काटा वर चढायला लागला. गाडी बाजूला घेतली तेव्हा साडेतीन वाजले होते.

वरच्या नळीच्या तोंडाशी ओला ओघळ होता. स्क्रू आवळून पाहिला तर तो नुसताच फिरत होता. कोणीतरी जोर लावून आवळला होता, पट्टीच्या खाचाच गेल्या होत्या. अशी क्लिप परत धरत नाही.

सासूबाईंचा रात्रिभोजनत्याग आहे, आणि पाणीसुद्धा त्या सूर्यास्ताच्या दोन घडी आधी सोडतात. त्या दिवसांत सूर्य सहाच्या सुमारास मावळतो. म्हणजे पाचनंतर दुसऱ्या दिवशी सकाळपर्यंत काही नाही. घरी पोहोचून जेवायचे असा आमचा बेत होता, तो आता जमणार नव्हता. गाडीत पाणी होते ते एवढेच, त्यांच्यासाठी उकळून घेतलेले पाच लिटरच्या कॅनमधले. रेडिएटरला किमान दोन-तीन लिटर हवे होते, आणि गाडी सुरू होते की नाही याचीही खात्री नव्हती. मी काही बोलायच्या आधीच त्यांनी डबा सोडला. दशम्या आणि शेंगदाण्याची चटणी. बॉनेट उघड्या गाडीच्या सावलीत सतरंजीवर त्यांचे जेवण झाले. मग त्यांनी दोन पेले पाणी पिऊन तोंड पुसले आणि कॅन माझ्याकडे सरकवला. ‘आमचं झालं. आता त्याला पाज,’ म्हणाल्या.

सव्वाचारपर्यंत नळी हाताला सोसेल इतकी निवली. फडक्याची चौपदरी घडी झाकणावर ठेवून ते हळूच उघडले. पाणी आधीच खाली गेले होते, त्यामुळे नळी काढताना फार सांडले नाही. खराब क्लिप सोडवली, नळी तोटीवरून ओढून काढली, जुनी स्प्रिंगची कडी आधी नळीवर सरकवली आणि नळी परत चढवली. पक्कडीने कान दाबून कडी जागेवर आणली आणि सोडली. एवढेच. पंधरा मिनिटे लागली असतील. कॅनमधले पाणी भरले, गाडी सुरू करून दहा मिनिटे उभी ठेवली. थेंब नाही. कुंभार्ली घाट उतरून चिपळूणला आलो, तिथे गाडी निवू देऊन पुन्हा पाणी पाहिले, आणि साडेसातला घरी. लेकीने तेवढ्या वेळात तुटक्या क्लिपेच्या किती खाचा गेल्या ते मोजून ठेवले होते!

आता करायची रीत नीट सांगते, कारण यात घाई नडते.

गाडी पूर्ण निवलेली हवी. घरी असाल तर सकाळी, चालू करायच्या आधी. खाली जुनी परात किंवा टब ठेवा. काढण्यापूर्वी क्लिपेचे कान कुठल्या बाजूला आहेत ते फोटो काढून ठेवा, कारण कंपनीने ते पक्कड पोचेल अशा बाजूला ठेवलेले असतात. पक्कड साधी चालते, पण तिचा जबडा तिरका उघडतो आणि कानांवरून घसरतो. हार्डवेअरच्या दुकानात वॉटर पंप प्लायर मागा, दहा इंची. नाशिकच्या टपारियाची सहज मिळते. तिचा सांधा सरकवता येतो, त्यामुळे जबडे जवळजवळ समांतर राहतात, आणि मूठ लांब असल्याने आपल्या मनगटाला जड जात नाही. लांब मुठीच्या अडकित्त्याने सुपारी किती हलकी फुटते, तेच इथे. अगदी अरुंद जागेसाठी वायरवर चालणारी खास पक्कडही येते, पण ती गॅरेजवाल्यांनी घ्यावी.

दोन्ही कान जबड्यात पूर्ण आले पाहिजेत, टोकावर नाही. डाव्या हाताने क्लिपेवर फडके धरा आणि चेहरा बाजूला ठेवा. स्प्रिंग सुटली तर डोळ्याकडेच येते, चष्मा असेल तर लावा. कान दाबले की क्लिप आधी थोडी जागच्या जागी फिरवा, म्हणजे रबराला चिकटलेली सुटते. मग ती नळीवर दोन बोटे मागे सरकवा आणि पक्कड हळूहळू सैल करा, एकदम सोडू नका. नळी निघत नसेल तर हाताने पिळा, डावीउजवीकडे. मध्ये स्क्रू ड्रायव्हर खुपसू नका. हल्ली रेडिएटरची तोटी प्लॅस्टिकची असते, ती तडकली की नळीच्या पैशांत होणारे काम रेडिएटरच्या पैशांत जाते.

बसवताना तोटी पुसून घ्या. नळी चढत नसेल तर आतून पाण्याचा हात फिरवा, तेलाचा नाही. या रबराला इंजिनचे तेल, ग्रीस सोसत नाही, ते फुगून मऊ पडते. क्लिप आधी नळीवर, मग नळी तोटीवर, हा क्रम. तोटीच्या तोंडाशी एक उंचवटा असतो. क्लिप त्याच्या मागच्या बाजूला बसली पाहिजे, उंचवट्यावर नाही आणि नळीच्या अगदी काठावरही नाही. नळी जुनीच असेल तर रबरावर आधीच्या क्लिपेचा वळ दिसतो, तिथेच बसवा. शेवटी गाडी गरम करून पाहाच, पण खरी परीक्षा दुसऱ्या दिवशी पहाटे, गार गाडीखाली हात फिरवून.

एक सांगायचे राहिले. गॅसच्या शेगडीच्या नळीला हे ज्ञान लावू नका. ते एजन्सीच्या माणसाचे काम.

मुनींच्या पाच समित्या आपण पाठशाळेत पाठ केल्या आहेत. त्यातल्या आदाननिक्षेपणाचा, म्हणजे वस्तू पाहून उचलायची आणि पाहून ठेवायची याचा, अर्थ मला पिंछी-कमंडलूपलीकडे कधी उमगला नव्हता. पक्कड हळू सोडताना थोडा उमगतो. त्यानंतरच्या उत्सर्ग समितीचे तर या कामात थेट प्रयोजन आहे, कारण परातीत जे जमते ते साधे पाणी नसते. कूलंटमध्ये इथिलीन ग्लायकॉल नावाचा पदार्थ असतो. तो चवीला गोड असतो, म्हणून कुत्री-मांजरी चाटतात. थोडासा पोटात गेला तरी त्यांचे मूत्रपिंड निकामी होते आणि तडफडून जीव जातो. हिरवा किंवा गुलाबी रंग घातलेला असतो तो गळती दिसावी म्हणून, पण मांजराला रंगाचे काय! गॅरेजसमोर रस्त्यावर हे पाणी ओतलेले मी कितीदा पाहिले आहे. आमच्या इथे तेच पावसाने गटारात आणि गटारातून जगबुडीत जाते.

त्यामुळे परातीतले सगळे झाकणाच्या कॅनमध्ये भरायचे, वर ‘विष’ असे मोठ्या अक्षरांत लिहायचे आणि जो गॅरेजवाला वापरलेले कूलंट वेगळे साठवतो त्याला द्यायचे. विचारून पाहा, एखादा असतो. फरशीवर सांडले तर लाकडाचा भुसा टाकून शोषून घ्यायचे, भुसा पिशवीत बांधायचा आणि मग ती जागा दोनदा धुवायची. ती परात आणि तो टब पुन्हा धान्याला किंवा पाण्याला वापरायचा नाही.

आणि खेडच्या पावसाचे तुम्हाला ठाऊकच आहे. डिकीतली पक्कड आषाढात एकदा बाहेर काढून पुसा, सांध्याला शिवणयंत्राच्या तेलाचा थेंब द्या, नाहीतर ऐन वेळी ती उघडणार नाही. कितीही स्वच्छ पुसली तरी ती ओट्यावर मात्र आणू नका.