पायाळू यंत्र

मध्यमवर्गीय मराठी घरात आणखी काही असो वा नसो, पुरून ठेवलेल्या सोन्याची एक कथा हमखास असते. सोने नसते, कथा असते. ती आजीकडून आईकडे आणि सासूकडून सुनेकडे जाते आणि प्रत्येक पिढीत तिचे वजन पाच-दहा तोळ्यांनी वाढते. आमच्या घरातल्या कथेचे वजन माझ्या लहानपणी पंचवीस तोळे होते. माझ्या लग्नापर्यंत ते चाळीसवर गेले होते. सासरकडून मिळालेले आपले एकमेव सोने ते हेच, असे आमची सौ. अजूनही चारचौघांत सांगते.

कथा अशी. 1948 चा उन्हाळा. औसा तालुक्यातले आमचे गाव तेव्हा निजामाच्या राज्यात. रझाकारांच्या धास्तीने माणसे रातोरात घरे सोडून हद्दीपलीकडे, बार्शी-सोलापूरकडे निघाली होती. आमचे आजोबा आणि त्यांचे धाकटे बंधू यांनी निघण्याच्या आदल्या रात्री घरातल्या बायकांचे दागिने एका तांब्याच्या चरवीत घातले, तोंडाला फडके बांधले आणि शेताच्या धुऱ्यावरच्या बाभळीपासून सात पावलांवर चरवी पुरली. जागा ठाऊक ती दोघांनाच. सप्टेंबरात पोलिस अ‍ॅक्शन झाली, 17 तारखेला निजामाने शरणागती पत्करली आणि यथावकाश मंडळी परतली. बाभूळ जागेवर होती. सात पावले बरोबर मोजली. चरवी नव्हती.

आजोबा स्वभावाने अबोल. त्यांनी धाकट्या भावाला एकच प्रश्न विचारला, "तू तर नाहीस ना काढलीस?" त्या एका प्रश्नाने वाड्याच्या मधोमध भिंत उभी राहिली. दोन चुली झाल्या, शेताच्या वाटण्या झाल्या आणि दोन घरांतले जाणे-येणे मयतीपुरते उरले. ते दोघे भाऊ केव्हाच गेले. 30 सप्टेंबर 1993 च्या पहाटे, गणपती विसर्जनाच्या रात्रीमागोमाग, किल्लारीचा भूकंप झाला. त्यात वाडा पडला, वाड्यातली ती भिंतही पडली आणि गाव उठून नव्या जागी गेले. अबोला तेवढा उभा राहिला.

मी नांदेडला महाविद्यालयात मराठी शिकवतो. भौतिकशास्त्राच्या माझ्या एका सहकाऱ्याने विद्यार्थ्यांना दाखवण्यासाठी मेटल डिटेक्टर आणला आणि शिक्षकांच्या खोलीत तो टेबलाला टेकवून ठेवला. एक लांब दांडा, खाली ताटाएवढी चकती, वर एक लहानशी डबी. आमच्या मुलखात पूर्वी समजूत होती की पायाळू माणसाच्या, म्हणजे पायांकडून जन्मलेल्याच्या, डोळ्यांत अंजन घातले की त्याला जमिनीतले धन दिसते. त्या समजुतीपायी नाही नाही ते अघोरी प्रकार घडले. 2013 च्या जादूटोणाविरोधी कायद्यालाही त्यांची दखल घ्यावी लागली. हा बिनअंजनाचा पायाळू मला निरुपद्रवी वाटला. मी तो उन्हाळी सुट्टीपुरता मागून घेतला.

सहकाऱ्याने देताना दोन ताकिदी दिल्या. तेर, कंधार, औसा असल्या ठिकाणी हे घेऊन जायचे नाही. संरक्षित जागी उकरणे हा गुन्हा आहे. आणि स्वतःच्या शेतात काही सापडले तरी 1878 चा निखात निधीचा कायदा ध्यानात ठेवायचा. दहा रुपयांहून अधिक किमतीचे पुरलेले धन सापडले, तर कलेक्टरांना कळवावे लागते. "दहा रुपये?" मी विचारले. "हो," तो म्हणाला, "रुपया बदलला, कलम नाही."

यंत्राचे तत्त्व मला त्याने मराठीच्या माणसाला समजेल अशा बेताने सांगितले. विहिरीत हाक मारावी आणि प्रतिध्वनी ऐकावा, तसे हे आहे. चकतीतल्या तारेच्या वेटोळ्यातून उलटसुलट वीज खेळते आणि जमिनीत चुंबकीय हाक जाते. खाली धातू असला तर त्याच्या अंगात विजेचे भोवरे उठतात, ते उलट साद देतात आणि दुसरे वेटोळे ती ऐकते. पण जमीनही मुकी नसते. तिच्यात लोहखनिज असले की तीही गुणगुणते. म्हणून आधी धातू नसलेल्या जागी चकती वर-खाली करून यंत्राला त्या जमिनीचा सूर ऐकवायचा आणि तो वजा करायचा. गवई आधी तंबोरा जुळवतो, तसेच हे. जमीन बदलली की पुन्हा जुळवायचे.

पहिला सराव नांदेडला गोदावरीच्या वाळूत केला. कोरडी वाळू मोठी सोज्ज्वळ. मात्र तिच्यात जिथे काळ्या रेघा दिसतात तिथे लोहखनिजाचे कण साठलेले असतात आणि यंत्र उगाच कुरकुरते. चकती जमिनीपासून दोन बोटे वर, सपाट धरायची, आणि सारवताना हाताचा एक फेर दुसऱ्यावर अर्धा चढतो तसे फेर घेत हळूहळू पुढे जायचे, हे मला तिथे साधले. घाटाजवळ पोरे दोरीला लोहचुंबक बांधून पाण्यातली नाणी काढत होती. त्यांना पोलादी नाणी मिळत होती. मला तासाभरात बाटल्यांची सात टोपणे आणि तांबे-निकेलचा एक जुना रुपया मिळाला. तो चुंबकाला चिकटेना, तेव्हा पोरांनी तो खोटा ठरवला.

मग गावी गेलो. आमच्याकडे जमिनीच्या दोन जाती: शेताची ती काळी आणि गावठाणाची ती पांढरी. आधी पांढरीत, पडक्या वाड्याच्या जागी यंत्र लावले. चरवी शेतात पुरली हे खरे, पण कुणी काढून घरात लपवली असली तर? असा विचार करताना मला माझीच लाज वाटली. आजोबांचा प्रश्न माझ्या तोंडी आला होता. पांढरीत तर यंत्राचा बाजार भरला. पिढ्यान् पिढ्यांची राख, भाजलेल्या विटा, खिळे, बिजागऱ्या, पत्र्याचे तुकडे. चुलीची भाजलेली मातीसुद्धा साध्या मातीपेक्षा अधिक चुंबकीय असते, तीही बोलते. माझी प्रवृत्ती संवेदनक्षमता वाढवण्याची. करायचे असते उलट. गलबल्यात कान अधिक टवकारून उपयोग नसतो. कमी ऐकावे लागते. लोखंड वगळण्याची सोय यंत्रात असते, पण तिच्यात धोका असा की खिळ्याशेजारचे सोनेही त्याच्याबरोबर वगळले जाते. शिवाय सोन्याची बारीक साखळी आणि तंबाखूच्या पुडीची चांदी यंत्राला सारखीच.

या गोंधळात थोरामोठ्यांचीही फजिती झालेली आहे. टेलिफोनकर्ता अलेक्झांडर ग्रॅहॅम बेल याने 1881 साली अमेरिकेचे जखमी अध्यक्ष गारफील्ड यांच्या शरीरातली गोळी शोधायला असेच यंत्र केले होते. गोळी सापडली नाही; पलंगातल्या पोलादी स्प्रिंगांनी घोटाळा केला, असे सांगतात.

दुसऱ्या दिवशी काळीत गेलो आणि हात टेकले. मे महिन्यातली काळी जमीन; हात जाईल एवढ्या भेगा. प्रत्येक भेगेवर चकती गेली की यंत्र खोटेच ओरडे. कडेच्या मुरमाड बरडीत तर लोहखनिज भरलेले दगड धातूचा आव आणत. मी नांदेडला परतलो. आमचे अण्णा, वय वर्षे एकोणऐंशी, दारातच उभे. "बोललं का?" त्यांनी विचारले. मी मान हलवली.

सहकारी मात्र हसला. "काळीला भेगा असताना बोलतं करायला गेलात! ही काळ्या फत्तराची माती. पाणी पिऊन फुगते, उन्हात आकसते, फाटते. वरचं भेगांत जातं, आतलं हलतं. ही जमीन दरवर्षी कूस बदलते. पाऊस मुरू द्या, भेगा मिटू द्या, वाफसा येऊ द्या, मग जा. तरी नाण्याला वीतभर, भांड्याला हात-दीड हात, याच्या खालचं ऐकू येणार नाही." मग त्याने सहज विचारले, "पुरलं कधी म्हणालात?"

उन्हाळ्यात, भेगा पडलेल्या जमिनीत. आणि शोधले एक पावसाळा उलटल्यावर, फुगून मिटलेल्या जमिनीत. मी एकदम गप्प झालो. आजोबांनी पावले मोजली होती; जमीन मोजली नव्हती.

आणखी एक नियम त्याने सांगितला. नाद एका बाजूने येताना ऐकू आला तर विश्वास ठेवू नये. आडवे जाऊन पाहावे, उभे जाऊन पाहावे. दोन्ही दिशांनी जो तेच सांगतो, तो नाद खरा.

गेल्या वर्षी सोयाबीन निघाल्यावर, हरभरा पेरायच्या आत, मी पुन्हा गेलो. धुरा दोन वाटण्यांच्या मधला, म्हणून पलीकडच्या घराची परवानगी हवी होती. धाकट्या आजोबांचे चिरंजीव, आमचे नाना, ब्याऐंशी वर्षांचे. आयुष्यात त्यांच्याशी दहा वाक्येही मी बोललो नव्हतो. ते काठी टेकत स्वतःच धुऱ्यावर आले.

"काय हुडकूलालाव, सर?"

मी सांगितले. ते बराच वेळ माझ्याकडे बघत राहिले. मग म्हणाले, "आमचे आबा मरेपर्यंत म्हणायचे, दादानं अगुदर येऊन काढली, अन् वरून मलाच इचारलं."

मी धुऱ्यावर बसलोच. तीच कथा, तीच बाभूळ, तीच सात पावले. फक्त चोर बदललेला. सत्त्याहत्तर वर्षे दोन घरांत एकच नाद वाजत होता, आणि आम्ही प्रत्येकाने तो आपापल्या बाजूनेच ऐकला होता. आडवे जाऊन कुणीच पाहिले नव्हते. मी नानांना भेगांचे सांगितले, वाफशाचे सांगितले. ते शेतकरी, त्यांना शास्त्र पटवावे लागले नाही. "खरंय," ते म्हणाले, "काळी गिळतीया."

मग नानांनीच जागा दाखवली, मी यंत्र जुळवले आणि आम्ही सारवल्यासारखे फेर घेत निघालो. उन्हे कलता कलता यंत्र स्वच्छ बोलले. आडवे गेलो, तेच. उभे गेलो, तेच. नानांचे हात थरथरत होते. हातभर खोदल्यावर निघाली ती वखराची गंजलेली पास. मोठे, सपाट लोखंड यंत्राला चकवते, हे मला नंतर समजले. नानांनी ती धोतराच्या सोग्याने पुसली. "एवढी रुंद पास आता कोण करतंय? वाटण्यांच्या आधीची असंल," म्हणाले. भंगाराच्या भावाने ती दहा रुपयांच्या वर जाईल; कलेक्टरसाहेबांनी क्षमा करावी.

चरवी सापडली नाही. ती हात-दीड हाताखाली असेल, किंवा ओस पडलेल्या गावात तिसऱ्याच कुणी नेली असेल. यंत्राचे मौन हा पुरावा नव्हे.

रात्री नांदेडला पोहोचलो. अण्णा जागेच होते. "बोललं का?"

"यंत्र नाही बोललं," मी म्हणालो, "नाना बोलले."

सगळे ऐकून घेतल्यावर अण्णांनी फक्त एवढेच विचारले, "त्याला ऐकू येतं का रे नीट? फोन लावला तर?"

त्या दिवाळीत नानांच्या सुनेने अनारशांचा डबा पाठवला. पितळी, जुन्या घडणीचा. डबा रिकामा परत करायचा नसतो, म्हणून सौ.ने त्यात चिरोटे भरले. संक्रांतीला तो तिळगूळ घेऊन आला, इथून गुळाची पोळी घेऊन गेला. तेव्हापासून त्याच्या खेपा चालूच आहेत. यंदा दिवाळीला डबा आमच्याकडे आहे आणि तो घेऊन अण्णा स्वतः जायचे म्हणतात.