तलवार बाळगणारी गायिका

पोवाडा म्हणणाऱ्या शाहिराच्या हाती आपण डफ पाहतो, तलवार पाहत नाही. अफजलखानाच्या वधाचा पोवाडा अज्ञानदासाने रचला आणि सिंहगडाचा तुळशीदासाने. पण लढणारा एक आणि गाणारा दुसरा, ही वाटणी आपल्या मनात पक्की बसलेली आहे. युरोपातील जुन्या कथांत ती अधूनमधून मोडते. १०६६ साली इंग्लंडमध्ये हेस्टिंग्जची लढाई झाली, तेव्हा तायफेर नावाचा गायक नॉर्मन सैन्यापुढे गात गात निघाला आणि पहिला वार करण्याचा मान त्याने मागून घेतला, असे पुढच्या काळातील इतिवृत्तकार सांगतात. ‘निबेलुंगेनलीड’ या सुमारे १२०० सालच्या जर्मन महाकाव्यात फोल्कर नावाचा एक योद्धा आहे. तो व्हायोलिनच्या जातीचे वाद्य उत्तम वाजवतो. परक्या राजाच्या घरी मुक्कामाला उतरलेल्या आणि घाताच्या भीतीने जागणाऱ्या सोबत्यांना तो आधी वाद्य वाजवून झोपवतो. सगळे झोपल्यावर वाद्य बाजूला ठेवतो, ढाल उचलतो आणि दारावर पहाऱ्याला उभा राहतो.

ज्यांच्या घरी दीर्घ आजाराचे माणूस आहे, त्यांना फोल्करची ती रात्र परकी वाटू नये.

या मंडळींची ओळख मला वयाच्या एकाहत्तराव्या वर्षी झाली, आणि ती एका खेळामुळे. गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह आर्नेसन या दोन अमेरिकनांनी १९७४ साली ‘डंजन्स अँड ड्रॅगन्स’ हा खेळ प्रसिद्ध केला. चारपाच जणांनी एकत्र बसायचे, प्रत्येकाने एकेक पात्र घ्यायचे. एक जण सूत्रधार होतो आणि कथेतील जग उभे करतो. आपले पात्र काय करते ते बोलून सांगायचे, आणि ते साधले की नाही याचा निर्णय वीस पैलूंच्या फाशावर. कोणी जिंकत नाही, कोणी हरत नाही. गोष्ट पुढे जाते. अशा खेळांनी वृद्धांची स्मरणशक्ती तल्लख होते वगैरे दावे मी करणार नाही. मला त्यात रस वाटला, एवढे पुरेसे आहे.

बंगळुरूला नोकरी करणारा माझा नातू आणि त्याचे मित्र दर रविवारी सायंकाळी संगणकावरून एकमेकांना पाहत हा खेळ खेळतात. त्यांच्यातील एक जण परदेशी गेला आणि जागा रिकामी झाली. ‘आजी, तू ये ना. तुला गोष्टी सांगता येतात,’ असे नातू म्हणाला. चौतीस वर्षे शाळेत इतिहास शिकवल्यावर तेवढे तर यायलाच हवे. अडचण वेगळी होती. यांना पार्किन्सनचा आजार होऊन नऊ वर्षे झाली. गेली दोन वर्षे यांना एकटे सोडता येत नाही. रात्री कूस बदलण्यासाठीसुद्धा तीनचार वेळा हात द्यावा लागतो. रविवारचे अडीच तास कोठून आणायचे? पात्र आखायला दोन आठवडे घे, तोवर घरची काय व्यवस्था लागते ते पाहू, असे आमचे ठरले. म्हणून ते पात्र दुपारी, यांचा डोळा लागल्यावर, जुन्या हिशेबाच्या वहीत आकाराला आले.

या खेळात ‘बार्ड’ नावाचा एक पात्रप्रकार आहे. शाहीर, चारण, भाट यांच्या जवळचा हा गायक. त्याच्या शब्दात आणि सुरात जादू असते. मला तोच हवा होता, पण हाती शस्त्र असलेला. नातवाने सांगितले की ही मागणी नवी नाही. १९७८ सालच्या पुस्तकात बार्ड व्हायचे असेल तर आधी योद्धा, मग चोर आणि त्यानंतर कुठे गायक, असा लांबचा रस्ता होता. आता तसे नाही. त्याच्या मित्रमंडळात २०१४ सालचे नियम चालतात आणि त्यांत शस्त्रधारी गायकाला दोन परंपरा उपलब्ध आहेत. त्यांच्याकडे मी पुढे येते, कारण खरा पेच तेथे होता.

प्रथम गुणांची वाटणी. १५, १४, १३, १२, १०, ८ असे सहा अंक मिळतात. ते बळ, चपळाई, काटकपणा, बुद्धी, शहाणपण आणि माणसांवर पडणारी छाप या सहा गुणांत वाटायचे. माझे पात्र अर्धे मानव आणि अर्धे एल्फ वंशाचे असल्यामुळे छापेला दोन आणि आणखी दोन गुणांना एकेक असे अंक वाढवून मिळाले. चपळाई १६, छाप १६, काटकपणा १४. शहाणपणाला १२ दिले, कारण आजूबाजूची हालचाल टिपणे त्यात येते. बुद्धीला १० लिहिताना शिक्षिकेचा हात जरा अडखळला. बळाच्या वाट्याला ८ आले.

तलवार चालवणाऱ्या बाईचे बळ सर्वांत कमी, हे ऐकून यांना हसू आले. पण तलवारीतही प्रकार असतात. रेपियर नावाची सडपातळ, टोकदार तलवार घेतली तर मनगटाचा जोर मोजला जात नाही, चपळाई मोजली जाते. यांना खुर्चीतून उठवण्याबाबत फिजिओथेरपिस्ट बाईंनी मला हेच शिकवले होते. दंडाला धरून ओढायचे नाही. आधी खुर्चीच्या कडेपर्यंत सरकायला लावायचे, पावले मागे घ्यायला सांगायचे, नाक पायाच्या अंगठ्यांच्या पुढे येईल इतके वाकू द्यायचे आणि मग यांच्याच वजनाने यांना उठू द्यायचे. अंगात बळ ८ असले तरी हे काम निभते.

काटकपणाला १४ देण्यामागे दुसरा हिशेब होता. काही मंत्र असे असतात की ते चालू ठेवण्यासाठी चित्त एकाग्र ठेवावे लागते. अशा वेळी अंगावर घाव बसला तर वीस पैलूंचा फासा टाकून एकाग्रता टिकली की तुटली ते पाहायचे. घाव लहान असेल तर फाशात काटकपणाचे दोन मिळवून दहा व्हावे लागतात. म्हणजे वीसपैकी तेरा वेळा निभावेल. लढाईत उतरणाऱ्या गायकाला घाव बसणारच, तेव्हा ही तजवीज आधी केलेली बरी.

मग एक तलवार की दोन? दोन तलवारी दिसायला झोकदार, आणि नातवाचा कल तिकडे होता. परंतु खेळात प्रत्येक पाळीला एक मुख्य कृती आणि एखादी छोटी जोडकृती एवढेच करता येते. दुसऱ्या तलवारीचा वार ही जोडकृती. सोबत्याला धीर देणे हीही जोडकृती. साठ फुटांवर पडलेल्याला लांबूनच शब्द टाकून सावध करणारा मंत्र आहे, तीही जोडकृती. दुसरी तलवार घेतली की तोंड बंद. म्हणून मी एकच तलवार घेतली आणि एका शस्त्राने लढण्याची शैली निवडली. तिच्यात प्रत्येक यशस्वी वाराला दोन अंक अधिक मिळतात. उजवा हात लढेल आणि आवाज दुसऱ्यासाठी मोकळा राहील. चिलखत कातडी, खिळे ठोकलेले. धातूचे खवल्यांचे चिलखत एका अंकाने सरस आहे खरे, पण ते वाजते.

आता प्रेरणेच्या फाशांविषयी. बार्डजवळ सहा पैलूंचे काही फासे असतात. आपला आवाज ऐकू शकेल अशा साठ फुटांच्या आतल्या सोबत्याला त्यातला एक द्यायचा. पुढच्या दहा मिनिटांत तो सोबती जे अवघड काम करील, त्यात त्या फाशाचे अंक तो मिळवू शकतो. काम त्याचेच असते. पाऊल त्यानेच टाकायचे असते.

हा नियम वाचला तेव्हा मला आमच्या स्वयंपाकघराचा उंबरठा आठवला. पार्किन्सनच्या रुग्णाचे पाय दारात एकाएकी जमिनीला खिळतात. इच्छा असते, पाऊल उचलत नाही. तेव्हा मागून घाई केली किंवा ढकलले तर तोल जातो. तालाचा मात्र अनेकांना उपयोग होतो. आम्हांला आधी मोजणी शिकवली होती, ‘एक, दोन, एक, दोन’. यांनी तरुणपणी हौसेने तबला वाजवलेला, सांगलीच्या नाट्यसंगीतात आयुष्य गेलेले. त्या कोरड्या आकड्यांचा यांना कंटाळा आला. आता मी हळू लयीत केरव्याचा ठेका तोंडाने धरते, दोन आवर्तने थांबते आणि तिसऱ्याच्या समेवर यांचे पाऊल उचलते. दर वेळी जमते असे नाही. प्रत्येक रुग्णाला हे लागू पडेल असेही नाही. आपल्या डॉक्टरांना किंवा फिजिओथेरपिस्टना विचारूनच करून पाहावे.

फासे किती? छाप १६ असेल तर दिवसाला तीन.

आणि येथे त्या दोन परंपरांचा प्रश्न येतो. पहिली शौर्याची. तिच्यात गायकाला ढाल मिळते, सर्व शस्त्रे मिळतात, आणि त्याने दिलेला फासा सोबत्याला वाराची धार वाढवण्यासाठी किंवा स्वतःचा बचाव करण्यासाठीही वापरता येतो. फासे मात्र द्यायचे दुसऱ्यालाच. दुसरी परंपरा खड्गाची. ती २०१७ साली आलेल्या एका पुरवणी पुस्तकात आहे. तिच्यात गायक आपलाच फासा आपल्याच तलवारीवर खर्च करू शकतो. वार लागला की त्या फाशाचे अंक वाराला तर मिळतातच, शिवाय हवे तर तेवढेच अंक पुढच्या पाळीपर्यंत स्वतःच्या बचावाला मिळतात.

नातू म्हणाला, ‘तू शौर्याचीच घेणार, आजी. तुला द्यायलाच आवडते.’

त्याच्या बोलण्यात माया होती. घरातील सगळे माझ्याविषयी असेच बोलतात, आणि त्यात खोटे काही नाही. तरीही मी वहीत ‘खड्ग’ असे लिहिले. या परंपरेतही फासे दुसऱ्याला देता येतातच. तो हक्क काढून घेतलेला नाही. फक्त तीनपैकी एखादा आपल्या बचावासाठी ठेवण्याची मुभा आहे. माझ्या पात्राचे प्राणबिंदू २४. पहिल्या रांगेत उभ्या राहणाऱ्या बाईला हे फार नाहीत. तिने तिन्ही फासे वाटून टाकले आणि ती कोसळली, तर साठ फुटांवरच्या पडलेल्याला हाक कोण मारणार?

यांना हे समजावून सांगितले तेव्हा यांचा आवाज नेहमीसारखाच क्षीण होता, पण प्रश्न नेमका होता. ‘संपलेले फासे परत कधी मिळतात?’

नियम असा आहे. नातवाच्या मंडळातील पात्रे सध्या तिसऱ्या पातळीवर आहेत. या पातळीवर बार्डचे फासे दीर्घ विश्रांतीनंतरच परत येतात, आणि दीर्घ विश्रांती म्हणजे सलग आठ तास. मधला थोडा वेळ पहाऱ्यात गेला तरी चालतो. मात्र मध्येच तासभर धावपळ झाली तर ती विश्रांती धरली जात नाही, पहिल्यापासून सुरू करावी लागते. पाचव्या पातळीनंतर तासाभराच्या लहान विश्रांतीनेही फासे भरतात. तोपर्यंत सवलत नाही.

हे ऐकून हे बराच वेळ गप्प होते. मग म्हणाले, ‘तुझे फासे दोन वर्षांत भरलेले नाहीत.’

त्या संध्याकाळी आम्ही दोघांनी हिशेब मांडला. दर शनिवारी रात्री नऊ ते सकाळी सात या वेळेत मदतनीस म्हणून एक मामा यावेत, त्यांनी यांच्या खोलीत झोपावे आणि मी दुसऱ्या खोलीत, दार लावून. परक्या माणसाच्या हाताने रात्री कूस बदलून घेणे यांना सोपे नव्हते. होकार त्यांनी स्वतः दिला, पण एक अट घातली: मामांना केरव्याचा ठेका मी शिकवायचा. मामांना ताल कळतो, असे पहिल्याच शनिवारी लक्षात आले. त्या रात्री मी दोनदा जागी झाले, पलीकडची चाहूल घेतली आणि दार न उघडता पुन्हा झोपले.

खेळ रविवारी चार ते साडेसहा. साडेपाचला यांच्या गोळीची वेळ असते आणि ती दहा मिनिटेही मागेपुढे होऊन चालत नाही. त्या वेळी सर्वांनी चहा घ्यायचा असे सूत्रधाराने परस्पर ठरवून टाकले. हे शेजारी आरामखुर्चीत बसून ऐकणार आहेत. फासे टाकण्याचे काम त्यांनी मागून घेतले आहे. हाताला कंप आहे, त्यामुळे फासा आपोआप चांगला खुळखुळतो, असे त्यांचे म्हणणे.

पात्राचे नाव अजून ठरलेले नाही. बाकी सामानाची यादी मी काल पूर्ण केली आणि यांना वाचून दाखवली: रेपियर, चिलखत, वाद्य, दोरखंड, मशाली, दहा दिवसांची शिदोरी. यांनी डोळे मिटून सगळे ऐकले.

‘आणि पायांत काय?’

पुस्तकाच्या यादीत तसे काही मिळाले नाही. मी शेवटी स्वतःच लिहिले: न घसरणाऱ्या तळव्याची, टाच धरणारी पादत्राणे, एक जोड.