थर्मल दुर्बीण : आधी गोठ्यातली गाय बघा

आमच्या गोदाकाठाला जिथं ऊस तिथं बिबट्या, हे निफाड तालुक्यात कुणाला नव्यानं सांगायला नको. लाईट रात्रीची असली की पाणी भरायला रात्रीच जावं लागतं. म्हणून वस्तीवरच्या आम्ही पाच घरांनी वर्गणी काढून हातात धरायची थर्मल दुर्बीण घेतली. तिनं बरेचदा सावध केलं. पण एकदा तिच्याच भरवशावर मी बिबट्याच्या पुढ्यात उतरणार होतो.

पौष महिना होता, गव्हाला पाणी चालू होतं. पुतण्या आणि मी पिकअप घेऊन बांधापर्यंत गेलो. बाहेर बोचरी थंडी, म्हणून त्यानं काच वर ठेवूनच दुर्बीण लावली. म्हणाला, "तात्या, काही नाही. चला." मी दार उघडलं तर मागं हौद्यात बसलेलं कुत्रं कुईकुई करत अंग चोरायला लागलं. मी दार ओढून घेतलं. पुतण्यानं गाडी वळवून हेडलाईट टाकली, तर तीस-चाळीस पावलांवर बांधावर बसलेला. डोळे चमकले, सावकाश उठला आणि उसात गेला. त्या रात्री गव्हाला पाणी काही गेलं नाही.

पोरगं म्हणे, दुर्बीण खराब झाली. सकाळी आम्ही घराच्या खिडकीतून करून पाहिलं. काच लावली की अंगणातला बैल दिसेना, उलट काचेत आपलीच उजळ आकृती दिसायची. काच उघडली की बैल लख्ख. म्हणजे यंत्र ठणठणीत होतं. ही दुर्बीण उजेड बघत नाही, अंगातून निघणारी उष्णता बघते, आणि ती साध्या काचेतून पार होत नाही. म्हणून तर तिचं पुढचं भिंग काचेचं नसून जर्मेनियमचं असतं. आपल्या डोळ्याला ते करड्या आरशासारखं दिसतं, त्यातून आरपार काही दिसत नाही.

तेव्हापासून वस्तीवर एक रीत पाडली. निघायच्या आधी दुर्बीण गोठ्यातल्या गाईवर धरायची. कान, शिंगं, पोट वेगवेगळं दिसलं तरच शेतात जायचं. गाय धुरकट दिसली तर आधी दुर्बिणीचं बघायचं, मग पाण्याचं.

या गाईमुळं दुसरा घोळही सापडला. दुर्बीण चालू असताना मधेच 'टिक' असा आवाज येतो आणि चित्र क्षणभर थांबतं. आतला पडदा पुढं येऊन सेन्सर स्वतःला जुळवून घेतो, त्याचा तो आवाज. कुणाला वाटलं बिघाड आहे, त्यानं सेटिंगमध्ये जाऊन ते बंद करून टाकलं. मग चित्रावर उभ्या रेघा आणि डाग यायला लागले. अशा वेळी भिंगावर टोपण लावायचं, जुळवणीचं बटण दाबायचं, चित्र साफ होतं. मग सेटिंग परत ऑटोवर ठेवायचं. तो आवाज येऊ द्यावा.

द्राक्षवाल्यांनी एक लक्षात ठेवा. औषध मारताना, गंधक धुरळताना दुर्बीण बागेत नको. त्याचा थर भिंगावर बसला की गाय पुसट होते. आधी फुंकणीनं धूळ उडवायची, मग मऊ ब्रश, मग भिंगाचा कागद आणि भिंगाचं पाणी, तेही हलक्या हातानं. उपरणं, बनियन, गाडी पुसायचं फडकं अजिबात नाही. आमच्या भिंगावर एक ओरखडा आहे. तो माझाच, उपरण्यानं पुसलं होतं.

सूर्याकडं कधीच धरू नका, बंद असली तरी टोपण लावून ठेवा. सूर्यानं सेन्सरवर डाग पडला तर तो कायमचा राहू शकतो. आणि आमच्याकडच्या थंडीतून आणून तशीच चुलीपाशी ठेवू नका, घाम सुटतो. आम्ही पिशवी बंद ठेवून पडवीतच राहू देतो, सकाळी उघडतो. डब्यात बुटांच्या खोक्यातल्या ओल शोषणाऱ्या पुड्या टाकल्यात. थंडीत बॅटरी लवकर उतरते, म्हणून जादाची बॅटरी आतल्या खिशात. चार्जिंगच्या भोकाचं रबरी बूच लावलेलं आहे का, तेवढं बघत जा. महिनाभर लागणार नसेल तर बॅटरी काढून, अर्धी भरलेली ठेवावी.

आता चांगल्या दुर्बिणीलाही जे दिसत नाही, ते. उसाच्या पानाआड बसलेला बिबट्या दिसत नाही. जुन्नर-शिरूरकडं वनखात्यानं थर्मल ड्रोन फिरवले, पण दाट पानाखालचं वरूनही दिसत नाही. नदीवरून धुकं आलं की पल्ला निम्म्याहून खाली येतो. दिवस मावळल्यावर बांधावरचे दगड तापलेले असतात, ते बसलेल्या जनावरासारखे वाटतात. पहाटे दगड गार पडले की चित्र सगळ्यात चांगलं. विकणारा पल्ला सांगतो तो ठिपका दिसण्याचा. ठिपका कुत्र्याचा की बिबट्याचा, हे कळायचं अंतर फार कमी. आम्ही लाईटच्या पोलांवर मोजलं, आमच्या दुर्बिणीला दोन पोलांपुढं ओळख पटत नाही.

एक पोरगं म्हणालं, बंदुकीवर बसवता येते का? बाबांनो, बिबट्या १९७२ च्या वन्यजीव कायद्यात पहिल्या अनुसूचीत आहे. दिसला की मागं फिरा आणि वनखात्याच्या १९२६ नंबरवर फोन करा.

आज आमच्याकडं पुन्हा रात्रीची लाईट आहे. दुर्बीण थोरल्या भावाकडं, आणि गाय माझ्या गोठ्यात. नऊ वाजता तो इकडं येईल, मग बघू.