परमुलखातले अंजन

राजस्थानच्या वाळूपासून दख्खनच्या कोरड्या माळापर्यंत एक गवत पिढ्यान्‌पिढ्या वाढत आले आहे. त्याचे नाव अंजन. अंजन नावाचा वृक्ष निराळा आणि हे गवत निराळे. हे गवत बहुवर्षायू असते. त्याच्या एका थोंबातून अनेक काड्या निघतात आणि काडीच्या टोकाला कोल्ह्याच्या शेपटीसारखा जांभळट तुरा डोलू लागतो. तुऱ्यातील बीजांभोवती बारीक केसांचे वेष्टन असते. त्यामुळे ती वाऱ्याबरोबर उडतात, गुरांच्या अंगाला आणि माणसांच्या वस्त्रांना चिकटतात व दूरवर जाऊन रुजतात. मुळे खोल असल्यामुळे हे गवत अवर्षणातही तग धरते आणि पहिल्या सरीबरोबर पुन्हा हिरवे होते. दुष्काळी मुलखातील गुराख्याला त्याचा केवढा आधार वाटत असेल!

या गुणांमुळेच त्याला परदेशगमन घडले. 1930 नंतरच्या दशकात अमेरिकेत भीषण अवर्षण पडले. शेतांची माती वाऱ्याने उडून जाऊ लागली. ही माती धरून ठेवील आणि गुरांनाही पोशील, अशा गवताचा शोध सुरू झाला. आफ्रिकेतही अंजन मूळचेच आहे. तेथून त्याचे बियाणे आणून ॲरिझोना व टेक्सस या राज्यांत पेरण्यात आले. हेतू चांगला होता. परंतु ज्या भूमीत हा पाहुणा उतरला, तिचा स्वभाव कोणी विचारात घेतला नाही.

ॲरिझोनातील सोनोरा वाळवंटात झाडेझुडपे एकमेकांपासून अंतर राखून उभी असतात. मधली जमीन उघडी राहते. वीज पडून एखादे झुडूप पेटले, तरी आग तेथेच विझते. म्हणूनच आगीला तोंड देण्याची शक्ती तेथील वनस्पतींच्या अंगी आलेली नाही. त्यांचा राजा म्हणजे सग्वारो हा प्रचंड निवडुंग. पहिल्या आठ वर्षांत तो जेमतेम इंच-दीड इंच वाढतो. त्याला बाहू फुटायला पन्नासहून अधिक वर्षे लागतात. तो दीडशे वर्षांहूनही अधिक जगतो. त्याच्या खोडात पक्षी घरटी करतात. तोहोनो ओओदम या तेथील मूळ रहिवाशांचे नववर्ष त्याच्या फळांच्या हंगामाने सुरू होते.

अंजनाने नेमकी ती उघडी जमीन व्यापली. ते वाळले, की झाडाझाडांमध्ये जळणाचा गालिचाच अंथरला जातो. मग एका ठिणगीने डोंगरउतार पेटतो. शतकभर वाढलेला सग्वारो होरपळून मरतो. अंजनाची मुळे मात्र जमिनीखाली जिवंत राहतात आणि पावसानंतर पुन्हा फुटतात. जितक्या वेळा आग लागते, तितके अंजन वाढते.

ॲरिझोना राज्याने 2005 साली या गवताला उपद्रवी तण ठरविले. टूसॉन शहराजवळच्या डोंगरांवर आज नागरिक हातात पहार घेऊन चढतात आणि एकेक थोंब मुळासकट उपटतात. जमिनीत पडलेली बीजे पुढेही उगवत राहतात, म्हणून त्यांना त्याच उतारावर दरवर्षी यावे लागते. तरीही ते येतात. कारण आज वाचलेला वीतभर सग्वारो त्यांच्या नातवंडांच्या काळी मोठा होणार असतो.

इकडे जोधपूरच्या कुरणांत याच अंजनाचे सुधारित वाण आजही प्रेमाने पेरले जातात. गवत तेच, गुणही तेच. बदलली ती केवळ भूमी. परक्या मुलखात बीज पेरण्यापूर्वी त्या मुलखाची रीत जाणून घ्यावी, हे अंजन त्या गवताने माणसाच्या डोळ्यांत घातले आहे.