काळा सकर

ठाणे, कल्याण, डोंबिवलीतल्या फिश टँकच्या दुकानांत 'काच साफ ठेवतो' म्हणून दिला जाणारा बोटभर काळा सकर मूळचा दक्षिण अमेरिकेतल्या नद्यांचा. लोरिकॅरिडी कुळातल्या या माशाच्या अंगावर खवल्यांऐवजी हाडाच्या तकटांचे चिलखत असते.

रंगावरून तो नेमका कोणत्या प्रकारचा सकर हे ओळखता येत नाही. पिल्ले बहुतेक काळपटच असतात. पांढऱ्या वाळूवर, प्रखर दिव्याखाली तोच मासा फिका पडतो. पाहायचा तो पाठीवरचा पर. तो शिडासारखा उंच असून त्यात दहा किंवा अधिक किरण (पराच्या काड्या) भरले, तर तो टेरिगोप्लिक्थिस, दीड फुटापर्यंत वाढणारा. सातआठच किरण, रुंद चपटे डोके आणि वयात आलेल्या नराच्या थोबाडावर मांसल मिशा असतील, तर अ‍ॅन्सिस्ट्रस. हा पाच इंचांच्या आसपास थांबतो. फ्लॅटमधल्या टाकीसाठी हाच घ्यावा.

नवा सकर दिवसभर लाकडामागे किंवा फिल्टरआड दडून राहतो, दिवे मालवल्यावर बाहेर पडतो. काचेला चिकटला की त्याचा डोळा जवळून पाहावा: उजेड वाढताच वरून एक पाळ उतरते आणि बाहुलीचा बराच भाग झाकते, अंधारात ती आक्रसते. मध्येच तो झपकन वर येऊन हवा गिळतो. ती हवा पोटातून रक्तात शोषली जाते, म्हणून वीज जाऊन पंप बंद पडला तरी इतर माशांपेक्षा सकर जास्त तग धरतो.

शेवाळावर त्याचे भागत नाही आणि इतर माशांची विष्ठा तो खात नाही. उलट घाण तोच जास्त करतो. संध्याकाळी काकडीची किंवा उकडलेल्या दुधीची चकती तळाशी ठेवावी, उरलेली सकाळी काढावी. उपाशी सकर गोल्डफिशच्या अंगावरचा बुळबुळीत थर ओरबाडतो. नळाचे पाणी क्लोरिन काढूनच घालावे. त्याला जाळीने पकडू नये, परांचे काटे अडकतात, डब्यात घ्यावे.

नीट सांभाळला तर तो दहा वर्षांहून अधिक जगतो. टाकीत मावेनासा झाला की मात्र अनेकांना तळे आठवते. उजनी जलाशयात हाच परका मासा मच्छीमारांच्या जाळ्यांत येतो, जाळी फाडतो आणि त्याला गिऱ्हाईक नसते. मोठा झालेला सकर दुकानदाराला परत करावा किंवा मोठी टाकी असणाऱ्याला द्यावा. तलावपाळीत, काळ्या तलावात किंवा उल्हास नदीत कधीही सोडू नये.