पर्वतीच्या १०३ पायऱ्या

पुण्यात वाढलेल्या माणसाला पर्वती चढणे हे चढणे वाटतच नाही. अवघ्या १०३ पायऱ्या, त्याही रुंद आणि बुटक्या. हत्तीला वर जाता यावे अशा बेताने त्या बांधल्या, असे सांगतात. नानासाहेब पेशव्यांनी १७४९ मध्ये येथे देवदेवेश्वराचे मंदिर उभारले आणि पानिपतानंतर १७६१ मध्ये येथेच देह ठेवला. शाळकरी मुले या पायऱ्या धावत चढतात. सत्तरीचे गृहस्थ रोज पहाटे दोन-दोन फेऱ्या मारतात. मार्केट यार्डात भुसाराची पेढी असलेल्या एका घरातील तरुण जोडप्याला मात्र गेल्या शरदात त्या पुऱ्या करायला पाच आठवडे लागले.

दोघांनाही गडांची सवय होती. महिन्यातला एक रविवार सिंहगडाचा, हे लग्नापासून ठरलेले. आतकरवाडीच्या पायवाटेने सुमारे ४३०० फुटांचा माथा गाठायचा आणि दुपारच्या आत घरी परतायचे. त्याआधीच्या वर्षी, आश्विनातच, तिला दिवस गेले होते. ते कळण्याच्या आदल्या रविवारी ती गड चढून आली होती. आठव्या आठवड्यात गर्भ राहिला नाही. घरात कोणी तिला बोल लावला नाही. सासूबाईंच्या तोंडून मात्र एकदा ‘गड चढायला नको होता’ एवढे चार शब्द निघून गेले, आणि ते वर्षभर घरात राहिले. ती स्वतःही तेच म्हणत होती, फक्त मनात. त्यानंतर तिने बूट माळ्यावर टाकून दिले.

नवरात्रात पुन्हा दिवस राहिल्याचे कळले तेव्हा पहिल्याच तपासणीत तिने डॉक्टरीणबाईंना विचारले ते हेच. बाईंनी उत्तर देण्याची घाई केली नाही. सुरुवातीच्या आठवड्यांत होणाऱ्या गर्भपातांपैकी जवळजवळ निम्म्यांमध्ये गुणसूत्रांच्या संख्येतच चूक झालेली असते. ती चूक गर्भ धरतानाच होऊन गेलेली असते, तिच्यावर चालण्याचा काही परिणाम नसतो, असे त्यांनी सांगितले. प्रकृती ठीक असेल, रक्तस्राव नसेल, तर चालावे, टेकडीही चालेल. धाप लागू द्यायची नाही, ऊन टाळायचे, पाणी जवळ ठेवायचे, घसरत्या वाटेवर जायचे नाही. पोटात दुखले, चक्कर आली, डाग दिसला तर तिथेच थांबून दवाखाना गाठायचा. हा सल्ला तिला तपासून दिलेला होता. ज्यांची वार खाली असते किंवा ज्यांना आधीच रक्तस्राव झालेला असतो त्यांना त्याच बाई वेगळे सांगतात, हे येथे नोंदवणे बरे.

पहिली अडचण डोंगराची नव्हती, घड्याळाची होती. आश्विनात सूर्य साडेसहाच्या सुमारास उगवतो आणि नऊ वाजले की ऊन टोचू लागते. घरात सर्वांची नवकारसी. सूर्योदयानंतर अठ्ठेचाळीस मिनिटे तोंडात पाणीही नाही. ती पाळून निघावे तर परतताना ऊन, आणि पहाटे निघावे तर उपाशीपोटी मळमळ. डॉक्टरीणबाईंनी उठताक्षणी काहीतरी कोरडे खायला बजावले होते. हा पेच सोडवला तो सासूबाईंनीच. ज्यांनी चाळीस वर्षांत नवकारसी मोडली नव्हती, त्यांनी पहिल्या रविवारी पहाटे अर्धा खाखरा आणि दोन खजूर सुनेच्या हाती ठेवले, उकळून गार केलेल्या पाण्याची बाटली मुलाच्या हाती दिली आणि म्हणाल्या, “पच्चक्खाण बाळ झाल्यावर घे. आत्ता खा.” टेकडीविषयी मात्र त्या काहीच बोलल्या नाहीत. त्यांचे ते न बोलणे दोघांनाही ऐकू आले.

पायऱ्या चढताना बोलता आले पाहिजे, वाक्य अर्ध्यावर तुटले की थांबायचे, ही डॉक्टरीणबाईंची खूण. गप्पा तरी कसल्या मारायच्या? नवऱ्याला सुचला तो बाजार. तो तुरीचा भाव सांगे, हरभऱ्याची आवक सांगे, उधारी थकवणाऱ्या गिऱ्हाइकांची गाऱ्हाणी सांगे आणि तिने त्यावर आपले मत द्यायचे. तिची उत्तरे ‘हं’वर आली की कठड्यापाशी बसायचे. त्या पहिल्या रविवारी साठाव्या पायरीवर वरून आलेल्या उदबत्तीच्या वासाने तिच्या पोटात ढवळून आले. ती म्हणाली, “अहो, पुरे आज.” उरलेल्या त्रेचाळीस पायऱ्या समोर दिसत असताना दोघे वळले. माथ्यावरून परत फिरण्याची सवय असलेल्या माणसाला मधूनच फिरणे किती अवघड जाते, ते डोंगर चढणाऱ्यालाच कळेल.

दुसऱ्या रविवारी सत्तर झाल्या. दिवाळी आली तेव्हा आठवा आठवडा होता. पेढीत वहीपूजन झाले, घरी फराळाची ताटे भरली, आणि ती त्या आठवड्यात कुठेही गेली नाही. नवऱ्यानेही विचारले नाही. सोनोग्राफीत ठोके दिसले त्या दिवशी संध्याकाळी तिने बूट माळ्यावरून काढले आणि धुऊन वाळत घातले, एवढेच.

पालीताण्याचा बेत त्या वर्षी घरात घाटत होता. शत्रुंजयाच्या साडेतीन हजारांहून अधिक पायऱ्यांचे आता नावच नव्हते. कार्तिकी पौर्णिमेला सासूबाईंबरोबर दोघांनी मंदिरात मांडलेल्या शत्रुंजयाच्या पटापुढे भावयात्रा केली आणि तिथूनच पर्वतीला गेले. त्या सकाळी १०३ झाल्या. हवा स्वच्छ होती. माथ्यावरच्या तटापाशी उभे राहिले की नैऋत्येला सिंहगड दिसतो. ती बराच वेळ तिकडे पाहत होती. मग म्हणाली, “इथून किती लांब दिसतो नाही?” नवऱ्याने त्या वेळी भाव सांगितला नाही.

मार्गशीर्षात मळमळ ओसरली, बाराव्या आठवड्यानंतरची तपासणी नीट झाली, आणि दोघांनी वेताळ टेकडी धरली. ही शहरातली सर्वांत उंच टेकडी. पण एआरएआयच्या रस्त्याने गाडी बरीच वर जाते आणि तिथून वेताळाच्या देवळापर्यंत वाट जवळजवळ सपाट आहे. उंचीचा आनंद मिळावा आणि चढ टळावा अशी सोय पुण्यात दुसरी नसेल. जुन्या दगडखाणीत साठलेले पाणी, वनखात्याने लावलेल्या गिरिपुष्पाची दाटी, पलीकडे पाषाणच्या बाजूला पसरलेले धुके. पूर्वी गडावर जाताना या जोडप्याला पक्षी कधी दिसलेच नव्हते. दिसायला वेळ कुठे होता? आता दर दहा मिनिटांनी बसावे लागे. बसले की गिरिपुष्पाच्या फांदीवर शेपटी थरथरवणारा थिरथिरा दिसे. हा हिवाळ्यापुरता येणारा पाहुणा. तारेवर वेडे राघू ओळीने बसलेले असत, आणि क्वचित वाळल्या गवतातून मोर चालत जाई.

या टेकडीवर जपायचे ते मुरमाला. पावसाळा सरला की वाटेवरचा बारीक खडा सुटा होतो आणि उतारावर पाय सरकतो. तिने आयुष्यात पहिल्यांदा हाती काठी घेतली. आधी लाजली, मग तिच्याशिवाय निघेना. दुसरा उपद्रव कुसळांचा. वाळल्या गवताची ती टोकदार बोंडे सलवारीच्या काठात अशी रुतून बसतात की धुतल्यावरही टोचत राहतात.

पौषात सूर्य सात वाजून गेल्यावर उगवू लागला, थंडी बोचू लागली. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, पोट वाढेल तसा तोल बदलेल, आता सपाटीवरच चाला. तेव्हापासून तळजाई. झाडांमधली सावलीची रुंद वाट, थांबायला जागोजागी बाकडी, आणि बाहेर पडताना ताजी फळे. गड चढणाऱ्यांना ही जागा मिळमिळीत वाटते. एके काळी या दोघांनाही वाटत असे.

वेताळ टेकडीच्या शेवटच्या फेरीहून दोघे परतले, त्या सकाळची गोष्ट. सून ओसरीवर बसली होती. सासूबाई चष्मा लावून तिच्या सलवारीच्या काठातली कुसळे एकेक करून ओढत होत्या आणि ताटलीत टाकत होत्या. बराच वेळ झाल्यावर त्यांनी मान वर न करता विचारले, “तळजाईला किती पायऱ्या असतात गं?”

“पायऱ्या नाहीतच, आई. सगळं सपाट आहे.”

“मग मला किती वाजता उठवशील?”