सहा महिन्यांचे बिऱ्हाड

परदेशी स्थिरावलेल्या मुलांकडे काही महिने राहून येणे आपल्या कुटुंबांना आता नवीन राहिलेले नाही. पूर्वी लेकीच्या वा सुनेच्या बाळंतपणापुरते जाणे होई. अलीकडे दुकान धाकट्याच्या हाती सोपवून किंवा नोकरीतून निवृत्त होऊन आईवडील वर्षाचा अर्धा काळ तिकडे काढू लागले आहेत. बँकेत असताना अशा अनेक ज्येष्ठ खातेदारांचे कागद माझ्या टेबलावरून गेले. आता पाळी आमची आहे. कन्या न्यू जर्सीत, चिरंजीव टोरांटोजवळ मिसिसागा येथे, आणि आम्ही उभयता माझ्या वृद्ध आईसह गगनबावड्यात.

सर्वांत मोठा गैरसमज मुदतीविषयी असतो. अमेरिकेचा पर्यटक व्हिसा बहुधा १० वर्षांचा मिळतो, म्हणून तेवढी वर्षे हवे तितके राहता येईल, असे अनेकांना वाटते. व्यापारी वाचकांना कॅश क्रेडिटचे उदाहरण पुरेल. मंजूर मर्यादा २५ लाखांची असली, तरी उचल किती करता येईल हे गोदामातील माल आणि बाजारातील येणे पाहून ठरते. येथेही तसेच आहे. १० वर्षे ही दारापर्यंत जाण्याची मुभा. आत किती दिवस राहायचे हे प्रवेशाच्या वेळी तेथील अधिकारी ठरवतो आणि सहसा ६ महिने देतो. ती तारीख आय-९४ या नोंदीत असते, पासपोर्टावरील व्हिसात नव्हे. मुक्काम वाढवायचा असेल, तर ती तारीख उलटण्यापूर्वी अर्ज करावा लागतो.

निवृत्तांसाठी स्वतंत्र व्हिसा अमेरिकेत नाही आणि कॅनडातही नाही. मात्र कॅनडाने २०११ साली आईवडील व आजीआजोबांसाठी ‘सुपर व्हिसा’ सुरू केला. जुलै २०२२ पासून त्यावर एका वेळी ५ वर्षांपर्यंत राहता येते. मुलगा वा मुलगी तेथील नागरिक किंवा कायम रहिवासी हवी, तिचे उत्पन्न ठरावीक मर्यादेच्या वर हवे, आपली वैद्यकीय तपासणी व्हावी लागते आणि किमान १ लाख कॅनेडियन डॉलरचा, निदान एक वर्षाचा आरोग्य विमा लागतो. खरी मेख या विम्यात आहे. वयाप्रमाणे हप्ता चढतो आणि रक्तदाब, मधुमेह यांसारखे जुने विकार कोणत्या अटीवर धरले जातील, हे बारीक अक्षरांत दडलेले असते. माझ्या पत्नीस रक्तदाब आहे. पॉलिसीचा मसुदा मी तीनदा वाचला. कर्जाचे दस्तऐवजही इतक्या बारकाईने वाचल्याचे मला आठवत नाही.

मुलांवाचून परदेशी राहू इच्छिणाऱ्यांसाठीही वाटा आहेत. थायलंड ५० वर्षांवरील व्यक्तीस बँकेत ८ लाख बाथ दाखवल्यावर वर्षभराचा निवृत्त व्हिसा देतो. संयुक्त अरब अमिरातीत ५५ वर्षांपुढील निवृत्तास ५ वर्षांचा परवाना आहे. त्यासाठी १० लाख दिरहॅमची मालमत्ता वा बचत, अथवा ठरावीक मासिक उत्पन्न लागते. हिरे वा कापडाच्या व्यापारामुळे दुबईशी संबंध असलेल्यांस तो सोयीचा. पेन्शनवर जगणाऱ्याने ते आकडे वाचून सोडून द्यावेत.

माझा पुतण्या कोल्हापुरातील दुकानदारांचे जीएसटीचे काम लॅपटॉपवर करतो. मुलाकडे पाहुणा म्हणून जाऊन तेथून हे काम करता येईल का, असे त्याने विचारले. कॅनडात पर्यटक म्हणून ६ महिन्यांपर्यंत बाहेरदेशीच्या मालकाचे काम दुरून करता येते. ब्रिटननेही जानेवारी २०२४ पासून पाहुण्यांना अशी मुभा दिली, पण येण्याचा मुख्य हेतू काम हा नसावा. स्थानिक गिऱ्हाईक घेतले की दोन्हीकडे नियमभंग.

इकडची बाजूही लावून ठेवावी लागते. नोव्हेंबरमधील हयातीचा दाखला आता मोबाइलवर चेहरा दाखवून देता येतो; परदेशी असाल तर भारतीय वकिलातीकडूनही मिळतो. खात्याशी जोडलेला मोबाइल क्रमांक मात्र चालू ठेवा. ९० दिवस वापर झाला नाही तर तो बंद पडू शकतो, आणि ओटीपीवाचून स्वतःच्याच पैशाला हात लावता येत नाही. वर्षातून चारपाच महिने जाऊन येणाऱ्याचे निवासी स्थान प्राप्तिकरासाठी बहुधा बदलत नाही. सलग काही वर्षे राहणाऱ्यास मात्र अनिवासी ठरून बचत खाते एनआरओ करून घ्यावे लागते.

आमच्या घरी यावरच वाद आहे. पत्नीचे म्हणणे, “पाच वर्षांची परवानगी मिळते आहे, तर नातू मराठी बोलू लागेपर्यंत राहू. नको वाटले तर परत येऊ.” तिचे चुकते असे मला म्हणवत नाही. नातू चार वर्षांचा आहे आणि फोनवर तिला ‘ग्रँडमा’ म्हणतो. तिकडे जूनमध्ये सूर्य रात्री नऊला मावळतो, त्यामुळे दिवसाउजेडी जेवण्याचीही अडचण नाही. डिसेंबरमध्ये तो पाचच्या आधीच जातो, हे मी तिला सांगितले.

पण तिकडचा उन्हाळा म्हणजे इकडचा पावसाळा. जिल्ह्यात सर्वाधिक पाऊस आमच्या तालुक्यात. मे महिन्यात शाकारणी केली, तरी चार महिने बंद राहिलेल्या घराच्या भिंती ओल धरतात, कपाटातील कापडाला बुरशी येते. चूल पेटती राहावी लागते. आणि त्या चुलीजवळ आई बसते. तिचे वय ९१. कोल्हापूरला बहिणीकडेही ती दोन रात्रींवर राहत नाही. तिला कोणत्या देशाचा व्हिसा चालणार?

म्हणून पत्नीचा अर्ज भरला आहे, माझा भरलेला नाही. पुढील सोमवारी तिची वैद्यकीय तपासणी आहे. परतीचे तिकीट ऑक्टोबरचे काढावे की तूर्त काढूच नये, हे अद्याप ठरलेले नाही.